दुपारचं दुखणं

इंजिन बंद पडण्याच्या तऱ्हा असतात आणि त्या कानाला कळतात. कधी ते एका क्षणात जातं. आधी सूचना नाही, नंतर धुगधुगी नाही. कधी आचके देत जातं. आवाज खाली बसतो, उसळतो, पुन्हा बसतो आणि दोन-चार विस्कळीत फटक्यांनी संपतो. कधी इंजिन खुशाल चालत राहतं, फक्त छतावरचा एसी मुका होतो. मोटरहोमच्या पोटातला जनरेटर भर उन्हात बंद पडला असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, ‘कसा बंद पडला?’ बहुतेकांना ते आठवत नाही. गारवा गेला, एवढंच आठवतं.

मी अ‍ॅरिझोनात, फीनिक्समध्ये राहतो. 2023 साली या शहरानं 30 जून ते 30 जुलै असे सलग 31 दिवस 43 अंशांपुढचे काढले. उन्हाळ्याच्या दुपारी इथला डांबरी रस्ता 65 अंशांच्याही वर तापतो, आणि जनरेटर असतो त्या रस्त्यापासून हात-दीड हात उंचीवर, पत्र्याच्या खणात कोंडलेला. असे बहुतेक जनरेटर हवेवर थंड होणारे. पंखा बाहेरची हवा ओढतो, ती तापल्या सिलिंडरवरून फिरते आणि उष्णता घेऊन निघून जाते. पण ओढलेली हवाच तापलेली असेल, टाकून दिलेली गरम हवा वाऱ्यानं परत तोंडाशी येत असेल, किंवा गाडी उभी असताना कुंभारीण माशीनं जाळीत मातीचं घर बांधलं असेल, तर त्या खणानं श्वास घ्यायचा कुठून? जाळी साफ करणं, उंदरांनी आणलेला काडीकचरा काढणं, तेलाची पातळी बघणं ही थोडक्या वेळाची कामं आहेत. ती सगळ्यांत आधी करावीत.

तेलाचं तर विशेष. उन्हात तेल पातळ होतं, त्याचा दाब उतरतो. त्यात पातळी थोडी कमी असली आणि गाडी उतारावर कलती उभी असली, तर दाबावर नजर ठेवणारा स्विच इंजिन बंद करतो. ते जाणं पहिल्या तऱ्हेचं, एका क्षणाचं. ठिणगी देणारी कॉइलही तशीच जाते. तिच्या आतली केसासारखी तार कुठंतरी चिरलेली असते; तापून पसरली की चीर उघडते, गार झाली की पुन्हा सांधते. आणि एसी मुका झाला तर ब्रेकरकडे बघावं. त्याच्या आतली धातूची पट्टी उष्णतेनं वाकते आणि वीज तोडते, म्हणून 45 अंशांच्या दुपारी ती जरा आधीच वाकलेली असते.

या दुखण्यानं माणूस हैराण होतो, कारण ते सकाळी दिसत नाही. गाडी दुरुस्तीला न्यावी, तर तिथं सकाळी आठला, सावलीत, जनरेटर तासभर सुरळीत चालतो. तपासणारा म्हणतो, यात काही नाही. तो खोटं बोलत नसतो. त्या घटकेला त्यात खरोखरच काही नसतं. सांधलेली तार सांधलेली असते, पेट्रोल गार असतं. मला वाटतं, अशा दोषाची भेट घ्यायची तर त्याच्याच वेळेला, त्याच्याच उन्हात जाऊन बसावं लागतं. घाम पुसत, पाण्याची बाटली जवळ ठेवून, तो येईपर्यंत. ही चिकाटी मी मशीनच्या ज्ञानापेक्षा मोठी मानतो.

मे महिन्यात बाबा नाशिकहून आमच्याकडे आले होते. आम्ही फ्लॅगस्टाफला निघालो. फीनिक्स समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आत, फ्लॅगस्टाफ 2,100 मीटरवर. आय-17 महामार्ग ही सगळी उंची चढत जातो. सनसेट पॉइंटच्या थांब्याच्या अलीकडे जनरेटर आचके देऊ लागला आणि गेला. मी गाडी थांब्यावर घेतली, खणाचं दार उघडलं. बाबा टोपी घालून खाली उतरले.

“आवाज ऐकलास ना? तहानल्यासारखा गेला,” ते म्हणाले. “अरे, पंप कुठंय याचा? ओलं फडकं टाक त्यावर.”

बाबांनी अनेक वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली. उन्हाळ्यात कसारा घाट चढताना पेट्रोलचा पंप ‘एअर’ पकडायचा, गाडी थांबायची आणि सीटखालून बाटली आणि फडकं निघायचं. त्या पिढीच्या चालकांना ही विद्या कुणी वर्गात शिकवली नव्हती. घाटानं शिकवली होती.

इंजिन निवू दिलं, पंपावर ओलं फडकं गुंडाळलं. जनरेटर लगेच सुरू झाला आणि फडकं वाळेपर्यंत चालला. बाबांनी पुन्हा पाणी शिंपडलं, तो पुन्हा चालला. उत्तर तिथंच मिळालं होतं.

पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले हलके भाग 35-40 अंशांतच उकळायला लागतात. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब घटतो, आणि दाब घटला की उकळणं आणखी सोपं होतं. नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. पंप द्रव ढकलायला केलेला; वाफ त्याच्या हाती लागत नाही. यात गाळणी तुंबलेली असली तर पंपाला जास्त जोरानं ओढावं लागतं, दाब आणखी उतरतो, वाफ आणखी वाढते. मला हे फार विलक्षण वाटतं, की हिवाळ्यात निमूटपणे चाललेली थोडीशी घाण उन्हाळ्यात इंजिन थांबवू शकते. त्यात भर म्हणजे थंडीत मिळणारं पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं बनवतात, म्हणजे गार इंजिन लवकर लागावं. हिवाळ्यात भरलेली टाकी घेऊन कुणी मे महिन्यात वाळवंटात निघालं, तर ते पेट्रोल आधीच उकळायला टेकलेलं असतं.

परतल्यावर दुरुस्ती करणाऱ्या माणसानं दुपारी, आमच्यासमोर, जनरेटरला आखूड नळीनं वेगळ्या कॅनमधलं गार पेट्रोल दिलं. तो न अडखळता चालला. म्हणजे पंप बरा होता, दुखणं टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत होतं. ती नळी एके ठिकाणी धुराड्याच्या पाइपाला जवळजवळ टेकून गेली होती. नळी बदलून दूर घेतली, तिच्यावर उष्णता परतवणारं चकचकीत आवरण चढवलं, गाळणी नवी टाकली. टाकी अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही, हेही त्यानं बजावलं. भरलेली टाकी सावकाश तापते. शिवाय जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम उंचावर संपवलेली असते, म्हणजे त्यानं सगळं पेट्रोल पिऊन गाडी रानात अडकू नये. पाव टाकी उरली की तो बंद पडतो, आणि लोक उगाच उन्हाला दोष देतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दुरुस्तीनं बदलत नाही. दर 300 मीटर उंचीला अशा इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. उष्णता आणखी थोडी खाते. चार हजार वॉटचा जनरेटर दीड हजार मीटरवर, 43 अंशांत, जेमतेम 3,200 वॉट देतो. छतावरचा एक एसी पंधराशे ते अठराशे वॉट घेतो, ऊन जितकं कडक तितकं जास्त, आणि कंप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी तर त्याहून कितीतरी अधिक. दोन एसी, वर फ्रिज, वर बॅटरीचा चार्जर, हा हिशेब चढावर बसत नाही. म्हणून आता घाट लागण्याआधी आम्ही मागचा एसी बंद करतो, मधलं दार ओढून घेतो, पडदे लावतो. बाबा पुढच्या कोचावर येऊन बसतात, आणि मुलं त्यांच्याशेजारी दाटीवाटीनं.