लग्न नाही, पण मृत्युपत्र आहे!

आमचं लग्न झालेलं नाही. अकरा वर्षं एकत्र राहतोय, लेक सहा वर्षांची, धाकटा तीनचा. 'मग करत का नाही?' हे इतक्यांनी विचारलंय की आता त्याचं टेन्शनही येत नाही. 'उद्या काही झालं तर?' हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. ते आम्हीच एकमेकांना विचारलं, भर पावसाळ्यात, महाबळेश्वरच्या वीकेंडला.

निमित्त पसरणी घाटाचं. वाईहून वर चढताना असं धुकं, की पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात. पोरं मागे गाढ झोपलेली. डोक्यात काय आलं असेल, सांगायला नकोच.

रात्री मुलं झोपल्यावर बाजारातून आणलेले चणे समोर ठेवले आणि हिशेब मांडला. पुण्यातला फ्लॅट त्याच्या नावावर, हप्ता दोघांच्या पगारातून. तो गेला तर? आम्हाला लागू होतो १९५६ चा हिंदू वारसा कायदा. त्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत आई आहे, बायको आहे. लिव्ह-इन पार्टनर कुठेच नाही. म्हणजे निम्मा हप्ता भरूनही मी कुणीच नाही! मुलांचंही सोपं नाही. लग्नाबाहेर झालेली मुलं या कायद्याच्या लेखी फक्त आईची नातलग. दीर्घकाळ नवरा-बायकोसारखं राहिलेल्यांचं लग्न झालंय असं गृहीत धरता येतं, असं सांगत सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात मुलाला वाटा दिला. छानच. पण त्यासाठी दिल्ली गाठावी लागली. आणि आम्ही तर गावभर सांगत फिरतो, की लग्न केलेलं नाही!

'अगं, फंडात तू नॉमिनी आहेस ना?' तो म्हणाला. तेही पुरेसं नाही. आपल्या भिंतीवरच्या 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर आठवतात? त्यांच्या मृत्युपत्रावरून झालेल्या खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की नॉमिनी शेअर्सचा किंवा फंडाचा मालक होत नाही. मालकी ठरते ती मृत्युपत्राने, नाहीतर वारसा कायद्याने.

थोडक्यात, मृत्युपत्राला पर्याय नाही. बरं, ते अवघडही नाही. स्वतः कमावलेलं कुणालाही देता येतं. साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्यूटी नाही, नोंदणी ऐच्छिक. सही मात्र दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीही सही करायची. साक्षीदार असे निवडा, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. आम्ही दोघांची दोन वेगळी मृत्युपत्रं करायची ठरवली.

पैशांचं अर्ध्या तासात उरकलं. मध्यरात्र झाली ती मुलांपायी. लग्नाबाहेरच्या मुलांची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर वडील. मृत्युपत्राने पालक नेमायचा अधिकारही कायदा आईला देतो. म्हणजे दोघंही नसलो तर कोण, हे मलाच लिहायचं होतं.

माझी आई नातवंडांवर जीव टाकते, पण त्यांच्या बाबाला अजून जावई म्हणत नाही. मुलं तिच्याकडे वाढली, तर त्या घरात बाबाचं नाव कोण काढणार? त्याची ताई शिस्तीची, पण आम्हा दोघांनाही आपलं मानणारी. त्यांना विचारलं, त्या लगेच 'हो' म्हणाल्या. मग आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, 'सुट्टीत तरी पाठवतील ना माझ्याकडे?'

तेही लिहिलं. मे महिना आजीकडे.

पुण्याला आल्यावर वकिलांकडून मसुदा तपासून घेतला, दोन मित्रांना साक्षीला बोलावलं, सह्या झाल्या. त्या रात्री मला शांत झोप लागली.

लग्न करा, नका करू, तो तुमचा प्रश्न. घरात मुलं असतील तर एक रविवार यासाठी काढा. नवं घर घेतलं, आणखी एक बाळ आलं, की कागद बदला. आणि तो कपाटाच्या कुठल्या कप्प्यात ठेवलाय, ते कुणाला तरी सांगून ठेवा.