कुठली तारीख?

"नवजात बाळांच्या घरभेटींवरचा तो जुना सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आहे ना, त्याचा सर्च अपडेट करून आण," एवढंच बोलून मॅडम ओपीडीकडे निघाल्या. लातूरला एमडीला, तेही पीएसएमला, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्राला, येऊन मला जेमतेम एक टर्म झालेली. वाटलं, यात काय! असा रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून काढलेला एकत्रित निष्कर्ष. जुना शोध जिथं थांबला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचं शोधायचं. दुपारपर्यंत उरकेल.

विषय तर रोजच्या पाहण्यातला. बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जातात, घरीच झालं तर सात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात. या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेतल्या सहकाऱ्यांचा ३९ गावांतला प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, हे आम्हाला पाठच असतं.

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेससमोर बसले. जुन्या रिव्ह्यूची शोधाची ओळ परिशिष्टातून उचलली, खाली तारीख घातली. मॅडमनी येऊन पाहिलं आणि विचारलं, "ही कुठली तारीख?"

मला प्रश्नच कळेना. तारखेत कुठली काय?

तर एकाच लेखाला चार-चार तारखा असतात. ऑनलाइन आला ती एक, छापील अंकावरची दुसरी, पबमेडमध्ये नोंद झाली ती तिसरी आणि त्याला विषयाचे ठरावीक शब्द चिकटवले ती चौथी. समजा, लेख डिसेंबरच्या अंकातला आणि पबमेडमध्ये नोंद फेब्रुवारीतली. जुना शोध जानेवारीअखेर झाला, तेव्हा तो तिथं नव्हताच. आता मी 'एक फेब्रुवारीनंतर प्रकाशित' असं मागितलं, तर तो डिसेंबरचा म्हणून गळणार. दोन्ही शोध बिनचूक आणि लेख मात्र दोघांच्याही हाती नाही! म्हणून नोंदीची तारीख धरायची आणि वर काही महिने मागूनच सुरुवात करायची. जुनेच लेख पुन्हा येतात, येऊ द्यायचे. जुन्या निकालांची फाइल कुणी जपून ठेवली असेल तर तारखेचं बंधनच नको. सगळं नव्यानं शोधायचं आणि जुनं वजा करायचं. पण फाइल जपतो कोण?

शोध एकाहून जास्त डेटाबेसमध्ये करायचा, म्हणून मग डुप्लिकेट काढणं. एका डेटाबेसमध्ये 'बंग ए टी', दुसऱ्यात नुसतं 'बंग ए'. सॉफ्टवेअरला ती दोन माणसं वाटतात. त्यात 'जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी'नं २००५ साली गडचिरोलीवर आख्खी पुरवणी काढलेली. लेख अनेक, प्रयोग तोच. हे डुप्लिकेट नव्हेत, पण मोजायचा अभ्यास एकच. इथं माझं डोकं खरोखर गरगरलं.

एवढा खटाटोप कशाला, हेही विचारून घेतलं. मॅडमनी दोन रिव्ह्यू पुढ्यात टाकले, दोन्ही गोगिया आणि सचदेव यांचे. २०१० सालच्या रिव्ह्यूत घरभेटींनी नवजात मृत्यूचा धोका सुमारे ३८ टक्क्यांनी घटलेला दिसतो, २०१६ च्या रिव्ह्यूत सुमारे २५ टक्क्यांनी. मधल्या काळात सिंधमधली एक आणि हरियाणातली एक अशा मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या होत्या. फायदा आहेच, पण आकडा बदलला, आणि सरकारी योजना आकड्यांवर उभ्या राहतात. २००७ साली कॅनडातल्या संशोधकांनी असे १०० रिव्ह्यू तपासले, तेव्हा निम्मे साडेपाच वर्षांत शिळे झालेले निघाले आणि सात तर छापून आले त्या दिवशीच. म्हणूनच असे रिव्ह्यू काढणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा दंडक आहे, की शेवटचा शोध प्रकाशनाच्या आधीच्या बारा महिन्यांतला हवा, सहा असतील तर उत्तम.

तेव्हा कुणी 'ताजा रिव्ह्यू' म्हणून पुढे केला, तर वरचं साल बघून थांबू नका. पद्धतीच्या भागात शोधाची शेवटची तारीख दिलेली असते, ती बघा. दिलेलीच नसेल, तर तो रिव्ह्यू बाजूला ठेवा.