गर्भित स्वार

प्राध्यापकाची ओळख त्याच्या ग्रंथसंग्रहावरून पटते म्हणतात. माझी पटत असे ती उजव्या बुटावरून. बोटांवरच्या चामड्यावर, कितीही पॉलिश केले तरी न जाणारा, एक काळपट पट्टा असे. गिअरच्या दांडीखाली पाऊल घालून ती वर उचलल्याने तो पडे. मोटारसायकल वापरणाऱ्या इतर सहकाऱ्यांचा पट्टा डाव्या बुटावर. माझी १९८८ सालची बुलेट मात्र जुन्या घडणीची: गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या, पहिला गिअर वर उचलायचा, उरलेले तीन खाली दाबायचे. कुणी हौसेने फेरी मारायला मागून नेली की गिअर बदलायला गेलेला त्याचा पाय ब्रेकवर पडे, आणि गाडी भर चौकात गचका खाऊन उभी राही. मला त्याचा एक सूक्ष्म आनंद होत असे, हे कबूल केले पाहिजे.

ही घडण इंग्लंडातील रेडिचची. १९५५ पासून ती मद्रासमध्ये रुजली. अमेरिकेने १९७० नंतरच्या दशकात गिअर डावीकडेच हवा असा नियम केला आणि जगातले बहुतेक कारखाने डावीकडे वळले, तरी उजव्या गिअरची बुलेट आपल्याकडे या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत निघत राहिली. यंत्र घडविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक शरीर असते. संहितेत दडलेल्या गर्भित वाचकाची वोल्फगांग इझरने मांडलेली कल्पना मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवली. पण ज्या गर्भित स्वाराचे सोंग घेऊन मी रोज त्या वर्गापर्यंत येत होतो, तो काही माझ्या ध्यानात आला नाही. सांधे न कुरकुरणारा असा तो कुणी एक तरुण असावा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्यातील कूर्चा झिजल्याचे निदान झाले, तेव्हा त्याची माझी फारकत झाली. डॉक्टरांनी गाडी विकण्याचा सल्ला दिला, मुलाने स्कूटर घेण्याचा. किक मारण्याचे काम मी शेजारच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडे सोपवले आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी मला स्टँडवरच्या गाडीवर बसवले आणि बराच वेळ यंत्राकडे न पाहता माझ्या गुडघ्याकडे पाहिले. "सर, आधी फुकटातलं बघू," म्हणाले. एक बोल्ट सैल केला, गिअरची दांडी तिच्या दातेरी दांड्यावरून ओढून काढली, एक दाता फिरवून पुन्हा बसवली. टोक जरासे वर आले आणि माझे पाऊल, न मुरडता, तिच्याखाली सरकले. पस्तीसहून अधिक वर्षे ती दांडी फिरवता येते हे मला ठाऊक नव्हते. मूळ संहितेत ती तशी होती, म्हणून ती तशीच असणार, असे मी धरून चाललो होतो.

खरे दुखणे मात्र फूटरेस्टचे होते. सीट आणि फूटरेस्ट यांच्यातले अंतर जितके कमी, तितका गुडघा दुमडलेला. तो एक इंच खाली आणि दीड इंच पुढे न्यायचे ठरले. फूटरेस्ट खाली गेला की वळणावर गाडी वाकवताना तो आधी रस्त्याला घासतो. पण या वयात मी गाडी तेवढी वाकवीत नाही. पाय पुढे गेला म्हणजे दांडीही वाढवणे आले. लांब तरफेला जोर कमी लागतो एवढे शाळेतले विज्ञान आठवून, ती चांगली तीन इंच वाढवा, असे मी सुचवले. "जोर कमी लागंल सर, पण पाय जास्त फिरवाय लागंल. तुमचा त्रास जोराचा न्हाई, फिरवायचा हाय." दांडी दीड इंचच वाढली. अगोदर फिरवलेला दाताही पुन्हा मागे आणावा लागला, तो भाग निराळा.

मूळ दांडी कापायची म्हटल्यावर माझ्यातला पाठचिकित्सक जागा झाला. रॉबर्ट पिरसिगच्या १९७४ सालच्या पुस्तकात बीएमडब्ल्यूचे हँडल घट्ट बसावे म्हणून बिअरच्या डब्याचा पत्रा वापरण्याची सूचना ऐकून मालक दुखावतो. वर्गात मी त्या मालकाला नेहमी हसत आलो होतो. अखेर मिस्त्रींनी जुन्या बाजारातली दुसरी दांडी कापली. मूळची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, माझ्या कपाटात आहे.

गाडी आणायला गेलो तेव्हा पत्नी सोबत होती. मिस्त्रींनी सहज विचारले, "वहिनी, तुमचं काय?" केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठीही फूटरेस्ट सक्तीचा केला आहे, तो आमच्या गाडीला होताच. त्याहून अधिक विचार मी कधी केला नव्हता. पत्नी म्हणाली, "माझा पाय त्याच्यावर नीट टेकतच नाही. लोंबकळत राहतो. सीटची कड मांडीत रुतते, आणि हातकणंगले यायच्या आत पाय बधिर होतो."

नरसोबाच्या वाडीला जाताना आम्ही दर वेळी हातकणंगल्याला चहाला थांबत असू. खांद्यावर हात पडे, मागून आवाज येई, "अहो, चहा घेऊया का?" तिथला चहा तिला फार आवडतो अशी माझी समजूत होती. त्या चहावर मी एका लेखात दोन परिच्छेद लिहिले आहेत. तो लेख तिने वाचला होता.

"मग बोलली का नाहीस?"

"थांबत होता की तुम्ही."

मिस्त्रींनी गाडी पुन्हा स्टँडवर चढवली. पत्नी नेहमीसारखी एका अंगाला दोन्ही पाय घेऊन बसली. माझा फूटरेस्ट खाली गेला होता, तिचा वर यायला हवा होता. मिस्त्री पट्टी धरून विचारीत, "इथं?" आणि ती म्हणे, "अजून थोडं वर." असे चार वेळा झाले. मी हातात पाना धरून उभा होतो. त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

मागच्या पौर्णिमेला वाडीला गेलो. हातकणंगले गेले, जयसिंगपूर गेले, खांद्यावर हात पडला नाही. एकदा मीच मान वळवून विचारले, तर "पुढे बघा" एवढेच उत्तर आले. वाडीला दर्शन झाल्यावर किक मारून देणारा माणूस शोधण्यात अर्धा तास गेला.