सोळाच्या पाढ्यातलं पुस्तक

बाड घेऊन प्रकाशकाकडे निघालेला माणूस पुण्यात लांबून ओळखू येतो. अप्पा बळवंत चौकात बाकीचे सगळे पुस्तकं घ्यायला आलेले असतात: दहावीची गाईडं, एमपीएससीचे संच, इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं. हा एकटाच द्यायला आलेला. खांद्याला पिशवी, पिशवीवर हात, आणि नजर दुकानांवरच्या मजल्यांतल्या पाट्यांवर. जळगावहून रात्रीच्या गाडीनं येऊन मी त्या चौकातून चालले तेव्हा मीही पिशवी अशीच पोटाशी धरली होती. कथांचं बाड चोरणार कोण, आणि चोरून त्याचं करणार काय!

खानदेशात लिहिणाऱ्याला पहिल्या पुस्तकाची दोन उदाहरणं ऐकतच मोठं व्हावं लागतं. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांचं ‘कोसला’ १९६३ साली आलं, तेव्हा ते पंचविशीत होते. आणि आसोद्याच्या लेकीचं, बहिणाबाईंचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. त्या १९५१च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ साली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं गाणं घरच्यांनी उतरवून ठेवलं, मुलानं, सोपानदेवांनी, ती वही अत्र्यांना दाखवली, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. कवितेच्या पहिल्या पुस्तकाला राज्य शासन जो पुरस्कार देतं त्याला बहिणाबाईंचंच नाव आहे. जिनं आपलं पहिलं पुस्तक पाहिलंच नाही, तिचं. सरकारी कागदावर इतकी नेमकी गोष्ट क्वचितच घडते, आणि तीही बहुधा नकळत. मी बाड बांधलं ते चाळिशी ओलांडल्यावर. म्हणजे त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

बाडातल्या बहुतेक कथा दिवाळी अंकांतून आलेल्या. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर कथा लागते. पण फराळाचे डबे रिकामे झाले की अंकही रद्दीच्या गठ्ठ्यात जातो. पुस्तकाची हाव सुटते ती तिथं.

एका प्रकाशकानं कळवलं, कथासंग्रह चालत नाहीत, कादंबरी असेल तर पाठवा. दुसऱ्यानं बाड न उघडताच हिशेब मांडला: अर्धा खर्च तुमचा, दोनशे प्रती तुम्ही उचलायच्या. पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्यात मला कमीपणा वाटत नाही. मराठीत कवितेचा निम्मा संसार त्यावरच चालत आला असेल. पण ‘तुमचं लेखन आवडलं’ आणि ‘इतके पैसे भरा’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली की पहिल्यावरचा विश्वास उडतो.

तिसऱ्या ठिकाणी बाड खरोखर वाचलं गेलं. फोन आला, “दोन कथा नकोत. बाकीच्यांवर बोलायला या.” श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कसं पुन्हापुन्हा लिहायला लावत, याच्या कथा आमच्या पिढीनं फक्त ऐकल्या. त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक १९८२ सालीच बंद पडलं. माझे संपादक लांब पत्रं लिहीत नसत. समोर चहा ठेवत आणि विचारत, “ही बाई इथं रडते का?” उत्तर आलं नाही की परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ पडे.

त्यानंतर जे कळलं ते मराठीच्या कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तक सोळाच्या पाढ्यात बसावं लागतं. डेमी आकाराच्या पुस्तकाचा एक फॉर्म म्हणजे सोळा पानं. मोठ्या कागदाच्या एका अंगाला आठ, दुसऱ्या अंगाला आठ. छापून झालं की कागदाला तीन घड्या पडतात, असे फॉर्म एकावर एक येतात, शिवले जातात. माझी पानं भरली १६६. दहा फॉर्म म्हणजे १६०. उरलेल्या सहा पानांसाठी अकरावा फॉर्म घ्यायचा तर दहा पानं कोरी जाणार, आणि कागदाचे भाव प्रकाशकाला तोंडपाठ. टाइप लहान करू का, असं डीटीपीवाल्यानं विचारलं. वाचणाऱ्यांची वयं बघता त्याला सगळ्यांनीच नकार दिला. मग माझ्या मनोगताकडे नजर गेली. त्यात मी शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांचे आभार मानले होते, पानं पाच. त्याचं एक झालं. राहिलेली दोन पानं शेवटच्या कथेतून काढायची होती. तिथं तापीकाठचा पाऊस मी मनसोक्त पाडला होता. तो आवरता घेतला. कथा त्यामुळे सुधारली की कागद वाचला, हे मला अजून सांगता येत नाही.

मग प्रुफं. माझा मजकूर युनिकोडमध्ये, तिकडची जुळणी श्री-लिपीत; या फॉन्टातून त्या फॉन्टात जाताना जोडाक्षरं मोडली, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. ते सगळं निस्तरणारे मुद्रितशोधक काका सत्तरीच्या पुढचे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ला वाढलेले चार त्यांच्या बोटांवर. कथनाला त्यांनी लखलखीत केलं. संवादांशी आल्यावर मात्र त्यांचा फोन आला.

“ताई, ‘डोये’, ‘आभाय’, सगळीकडे ‘ळ’चा ‘य’ पडलाय. फॉन्टचा घोळ दिसतो.”

“घोळ नाही काका. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या तसंच बोलतात.”

थोडा वेळ कागदांची सळसळ ऐकू आली.

“मग पान ८३वर हीच आजी स्वच्छ ‘शाळा’ म्हणते, ते कसं?”

“तिथं ती साहेबांशी बोलतेय.”

“असं होय,” ते म्हणाले. “मग त्याच पानावर खाली साहेब गेल्यावरही ती ‘शाळा’च म्हणते. तिथं ‘शाया’ करू?”

समीक्षा पुढे दोन-तीन आल्या, बऱ्या आल्या. पण साहेबाची पाठ वळल्यावर म्हातारीची जीभ कशी सैल होईल, याची काळजी लेखिकेइतकीच दुसऱ्या कुणी केली असेल तर ती या काकांनी. त्यांचं नाव श्रेयपानावर आहे, मुखपृष्ठकाराच्या खाली, त्याहून बारीक टाइपात.

पुढचं सगळं भराभर झालं. ९७८-९३नं सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन नंबर मिळाला. पूर्वीच्या पुस्तकांत ‘आवृत्ती ११००’ असं दिसायचं, माझी ५०० निघाली. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं आपल्या खर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची असते, शिवाय चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक. त्या पाठवल्याचं त्यांनी सांगितलं. त्यामुळे माझं पुस्तक हुगळीकाठी पोचलं. आमच्या बसस्टँडवरच्या स्टॉलवर काही ते पोचलं नाही.

मला मिळालेल्या प्रतींतली एक आत्याला दिली. तिनं तिला खाकी कव्हर घातलं, वर स्टिकर चिकटवलं आणि आतल्या कोऱ्या पानावर पेनानं यादी सुरू केली: कुणी नेलं, कधी नेलं, परत केलं की नाही. गल्लीतली नावं सरली तेव्हा यादी मागच्या गल्लीत शिरली. दिवाळीत भेटले तेव्हा मी म्हटलं, “आत्या, तुझ्यामुळं इथं एक प्रत विकली जात नाही.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू व्यवहार मला कधी जमलाच नाही.

“एका बुकात दोन गल्ल्या वाचून ऱ्हायल्या,” ती म्हणाली, “मंग बाकीच्यांनी कायले पैसे घालावे?”