वोकिंगची वेल

मुलीकडे सहा महिने राहून काय केलंत, असं गावात परतल्यावर जो तो विचारायचा. लंडन पाहिलं का, राणीचा वाडा पाहिला का. आम्ही सांगायचो, एक वेल सांभाळली. लोकांना थट्टा वाटायची.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. कोण काय बोललं आणि कात्री कुणाच्या हातात होती, हा हिशेब चाळीस वर्षांच्या संसारानंतर ठेवण्यात अर्थ नाही. चूकही दोघांची मिळून होती. म्हणून आम्हीच लिहितो.

मार्च 2018 मध्ये आम्ही वोकिंगला पोहोचलो. लंडनच्या नैर्ऋत्येला, आगगाडीनं अर्ध्या तासाच्या अंतरावर हे गाव आहे. मुलीचं घर एका ओळीतल्या घरांपैकी एक. मागे अरुंद परसू, मध्ये लाकडी कुंपण आणि त्या कुंपणावर वाळक्या काटक्यांचा हा एवढा भारा. खाली नुसते उघडे दांडे, वर कावळ्याचं घरटं असावं तसा गुंता. मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्हाला वेळ आहे तर हे उपटून टाका. मला बघवत नाही."

ही वेल तिनंच लावलेली. 2010 मध्ये निकाह झाला, 2011 मध्ये तिनं बाजारातून छोट्या कुंडीतलं रोप आणलं होतं. तेव्हा फोनवर फुलांचं कौतुक सांगायची. मग ते सांगणं थांबलं. 2013 मध्ये एका रात्री तिनं सांगितलं की नवरा हात उचलतो. आम्ही काय म्हणालो? "सब्र कर. संसार आहे. आज ना उद्या सुधारेल." तिनं आणखी तीन वर्षं सब्र केला. 2016 मध्ये आम्हाला न विचारता खुला घेतला, घर राखलं, हप्ते स्वतःच्या पगारातून फेडू लागली. आम्ही तिच्याकडे गेलो ते हे सगळं आटोपल्यावर. त्याविषयी कुणी बोलत नव्हतं. चहा व्हायचा, जेवण व्हायचं, ती कामावर जायची.

उपटायला कुदळ घेतली तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या म्हातारबाईंनी हाक मारली. आमचं इंग्रजी बेताचं, त्यांचं बोलणं भरभर. पण हातवाऱ्यांनी समजलं की उपटू नका, कापा. वेलीचं नाव क्लेमॅटिस, जात जॅकमनी. ही जात याच वोकिंग गावची. जॅकमन घराण्याच्या रोपवाटिकेत 1858 मध्ये संकर केला आणि 1862 मध्ये तिला पहिलं फूल आलं. त्यासाठी लागलेली मोठ्या फुलांची एक जात रॉबर्ट फॉर्च्युननं 1850 मध्ये चीनमधून आणली होती. तळहाताएवढ्या जांभळ्या फुलांची ही वेल मग इंग्लंडभर कुंपणांवर चढली.

वोकिंग आमच्या कानावर होतं ते वेगळ्या कारणानं. भोपाळच्या शाहजहान बेगमांच्या देणगीतून 1889 मध्ये बांधलेली मशीद इथे आहे. मशीद म्हणूनच बांधलेली ती ब्रिटनमधली पहिली. पहिल्या जुम्म्याला ती पाहून आलो आणि कौतुकानं मुलीला सांगू लागलो. ती भांडी विसळत म्हणाली, "एका बाईच्या पैशानं झालीय ती, माहीत आहे ना?" एवढंच.

छाटणीचं मात्र आम्हाला पटेना. म्हातारबाई म्हणत, जमिनीपासून फूटभर ठेवा, बाकी सगळं काढा. आम्ही कलमं बांधलेली माणसं. आठ-नऊ फूट वाढलेली वेल फूटभरावर आणायची? पण कारण त्यांनी नीट दाखवलं. जॅकमनी नव्या फुटीवर फुलते, म्हणून हिवाळा सरता सरता तिला खाली कापायची. न कापली तर दरवर्षी जुन्या दांड्यांच्या टोकालाच फूट येते आणि खाली काटक्या उरतात, जसं इथे झालं होतं. त्यांच्याकडे नेली मोझर होती, 1897 ची फ्रेंच जात, फिकट गुलाबी पाकळीवर गडद पट्टा. तिला मात्र असं कापायचं नाही. तिची मे महिन्यातली फुलं मागच्या वर्षीच्या काडीवर येतात. तिची फक्त मेलेली, दुबळी काडी काढायची. एकाच कुळातल्या दोन वेली, आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही.

डोळे समोरासमोर जोडीनं असतात. फुगीर जोडी बघून तिच्या जरा वर कात्री चालवली. दोन पोती काटक्या निघाल्या. संध्याकाळी मुलगी आली, कुंपण मोकळं पाहिलं आणि काहीच बोलली नाही.

एप्रिलमध्ये कोंब सुटले. या वेलीला ताणा नसतो. पानाचा देठच बोटासारखा वळून पकडतो, म्हणून जाड लाकूड तिच्या उपयोगाचं नाही. आम्ही कुंपणावर बारीक तारा ओढल्या. दांडा फार ठिसूळ, बांधताना दोन मोडले. डोकं उन्हात आणि पाय सावलीत, हा तिचा स्वभाव. मुळाशी फुटक्या विटा नि एक फरशी मांडली. तहान तर अशी की केळीला लाजवेल. आमच्याकडे वजूचं पाणी केळीच्या आळ्यात जातं. इथे ते बेसिनमधून कुठे जातं कोण जाणे. आम्ही परसात बादली ठेवून वजू करू लागलो.

रमजान मेच्या मध्याला लागला. अठरा तासांहून मोठा रोजा. जूनच्या सुरुवातीला वेल कुंपणाच्या वर गेली होती आणि कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. एका सकाळी पाहतो तर सगळी वेल मान टाकून लोंबत होती. पानं काळवंडलेली, कळ्या खाली झुकलेल्या. आदल्या दिवशी हिरवीगार होती! पाणी कमी पडलं म्हणून बादल्या ओतल्या. वर चादर बांधून सावली केली. म्हातारबाईंनी पाहिलं आणि मान हलवली. ही मर रोगाची बुरशी, मोठ्या फुलांच्या जातींनाच जास्त धरते. पाण्यानं बरी होत नाही. रोगट भाग निरोगी काडीपर्यंत, गरज पडली तर जमिनीपर्यंत कापा, खतात टाकू नका, कात्री जंतुनाशकानं पुसा.

आम्ही म्हणालो, दोन दिवस बघू. दोनाचे चार झाले. पाचव्या दिवशी इफ्तारनंतर पुन्हा तेच म्हणालो, "जरा थांबू या, सुधारेल."

मुलीनं खजुराची बशी खाली ठेवली. "तुम्ही नेहमीच थांब म्हणता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. कात्री घेऊन परसात गेली. साडेनऊ वाजून गेले होते तरी उजेड होता. तिनं सगळी वेल जमिनीपाशी कापली, पिशवीत भरली, कात्री पुसून खुंटीला लावली. आम्ही दारात उभे होतो.

त्या रात्री आम्ही तिच्याजवळ बसलो. माफी मागायची म्हणजे नेमकं काय म्हणायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मुलांनी आईबापांची मागावी एवढंच ठाऊक. तुझं ऐकायला हवं होतं, 2013 लाच विमानात बसायला हवं होतं, असं काहीबाही बोललो. ती म्हणाली, "हो, यायला हवं होतं." आणि रडली. आम्हाला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या अम्मी. ती तसं म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

15 जूनला ईद झाली. कुंपण उघडं. तो उन्हाळा इंग्लंडला फार कडक गेला, सगळीकडची हिरवळ पिवळी पडली. आम्ही सवयीनं फरशीशी पाणी घालत राहिलो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मातीतून तीन कोंब वर आले. रोप लावताना तिनं ते कुंडीतल्यापेक्षा चार बोटं खोल लावलं होतं, तेव्हाही म्हातारबाईंनीच सांगितलं होतं म्हणे. त्यामुळे मातीखाली डोळे शाबूत होते. कोवळ्या कोंबांवर बिनशंखाच्या गोगलगायींचा डोळा. फजरला उठलं की विजेरी घेऊन त्या वेचणं हा आमचा नेम झाला. कधीकधी मुलगीही चपला अडकवून यायची.

ऑगस्टअखेर आम्ही निघालो तेव्हा चार फुलं होती. शेजारच्या नेली मोझरवर फुलांच्या जागी रेशमी केसांचे गोंडे धरले होते. ते पाहून एकदम ओळख पटली. पावसाळ्यानंतर आमच्या घाटात पांढऱ्या फुलांनी झुडपं झाकून टाकणारी मोरवेल, तिच्या बियांनाही असेच पिसारे असतात. ती याच कुळातली. तिची छाटणी कुणी करत नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये मुलीचा फोटो आला. फूटभर दांडे, प्रत्येकावर फुगीर डोळ्यांची जोडी, बाजूला काटक्यांची पिशवी. आम्ही लगेच फोन लावला आणि सांगू लागलो की जरा वरून काप, थंडी अजून गेली नसेल. ती हसली. म्हणाली, "अब्बा, कापून झालं. आधी कापलं, मग फोटो पाठवला."