सायलेन्सर मोकळा आहे का?

आबांचं विमान रात्री दहाचं होतं. रिचमंडमधल्या आमच्या घरापासून डलस विमानतळ दोन तासांवर. ३ जानेवारी २०२२, सोमवार. पहाटेपासून बर्फ पडत होता.

"आजचा रस्ता बरा दिसंना," आबा खिडकीतून बघत म्हणाले. आबांनी तीस वर्षं एसटी चालवली. रस्त्याबद्दल ते उगाच बोलत नाहीत. पण त्यांच्या आरटीपीसीआर रिपोर्टला ७२ तासांचीच मुदत होती, आणि मला अमेरिकेतल्या बर्फ काढणाऱ्या मशीनवर भयंकर विश्वास होता. "लवकर निघू, सावकाश जाऊ," मी म्हणालो. अकराला निघालो.

फ्रेडरिक्सबर्गच्या पुढे आय-९५ महामार्गावर सगळं थांबलं. आधी पाऊस होता, त्यामुळे रस्त्यावर मिठाचा मारा करून ठेवता आला नव्हता. मग फूटभर बर्फ पडला, ट्रेलर घसरून आडवे झाले, आणि जवळपास पन्नास मैलांच्या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या. व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन याच रस्त्यावर २७ तास अडकले होते, हे नंतर कळलं. तेव्हा आम्हाला फक्त पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसत होते.

दुपारी बर्फ थांबला. अंधार पडल्यावर पारा शून्याच्या खाली उतरू लागला, आणि तेवढ्यात आमच्या गाडीचं इंजिन बंद झालं.

"अरं, बंद पडली!" आबा ताडकन सरळ बसले.

"बंद नाही पडली आबा. हायब्रीड आहे. ती अशीच चालते."

दोन महिने ते या गाडीत बसत होते, पण तिच्यावर त्यांचा विश्वास काही बसला नव्हता. आता वेळच वेळ होता, म्हणून मी नीट समजावलं. गाडी 'रेडी'मध्ये असली तरी इंजिन चालू असेलच असं नाही. पंखा, सीटची ऊब हे सगळं बॅटरीवर भागतं. हीटरची गरम हवा मात्र आमच्या गाडीत इंजिनातल्या गरम पाण्यातूनच येते. इंजिन थांबलं की ते पाणी हळूहळू निवतं. फार निवलं की इंजिन आपोआप सुरू होतं, पाणी तापवतं, बॅटरीत थोडी भर घालतं आणि पुन्हा गप्प बसतं. साधी गाडी रात्रभर एका जागी उभी राहून पेट्रोल जाळत राहते. ही लागेल तेवढंच जाळते.

टाकी पावपेक्षा थोडी जास्त भरलेली होती. मी हीटर ७२ फॅरनहाइटवरून ६४वर आणला, कारण जितकी जास्त ऊब मागाल तितक्या वेळा इंजिन उठणार. सीटची ऊब चालू ठेवली, तिला वीज थोडीच लागते. गिअर पार्कमध्येच ठेवला, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "म्हंजे आपण झोपल्यावर ती आपल्या मनानं सुरू होणार?"

"हो."

"मग सायलेन्सर मोकळा हाय का?"

मी बघितलंच नव्हतं. टाकीचा हिशोब केला, बॅटरीचा केला, धुराचा नाही.

आबा उतरले. डिकीत फावडं नव्हतं. त्यांनी पुऱ्यांच्या स्टीलच्या डब्याचं झाकण काढलं आणि मागच्या बंपरखाली साचलेला बर्फ उकरायला लागले. मी मोबाईलचा टॉर्च धरला. नळकांडं अर्धं बुजलं होतं. तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली कोंडतो आणि आत शिरतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठतच नाही. साध्या गाडीचं इंजिन निदान आवाज करून आपण चालू आहे हे सांगत राहतं. आमची गाडी गप्प होती, म्हणून मी तिला बंद समजून बसलो होतो.

आत आल्यावर त्यांनी वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर खाली केली. "थंडी येईल," मी म्हणालो. "येऊ दे. थंडीचं औषध बॅगेत हाय."

बॅगेत २३ किलो अमेरिका होती. आत्यासाठी घेतलेलं फ्लीसचं ब्लँकेट, पुतण्यांची जॅकेटं, बदाम, चॉकलेटं. भर हायवेवर आम्ही ती उघडली. आबांनी एकावर एक दोन स्वेटर चढवले आणि डोक्याला पुतण्याची निळी कानटोपी घातली. बायकोनं प्रवासासाठी दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही मोजून खाल्ल्या. आबांना शुगर आहे, त्यामुळे गोळी आणि पुऱ्या यांचं गणित जुळवावं लागलं.

"तू झोप," ते म्हणाले. "मी बघतो."

"आबा, आळीपाळीनं जागू."

"मला काट्याकडं बघत बसायची सवय हाय."

मला वाटलं, एसटीच्या काट्याबद्दल बोलतायत. थोड्या वेळानं ते अंधारातच म्हणाले, "तुझ्या आईच्या सिलेंडरचा काटा मी तीन रात्री बघितला."

आई मे २०२१मध्ये गेली. मी जाऊ शकलो नाही. व्हिडिओ कॉलवर मला पीपीई किट घातलेली चार माणसं दिसली होती. नोव्हेंबरात अमेरिकेनं दारं उघडल्यावर आबा आले, दोन महिने राहिले, आणि या दोन महिन्यांत आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मी त्यांना वॉशिंग्टन दाखवलं, मॉल दाखवले.

"मी यायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

आबांनी उत्तर दिलं नाही. इंजिन सुरू झालं, हवा गरम झाली, काही मिनिटांनी इंजिन थांबलं.

"यिऊन काय केलं असतंस?" ते बऱ्याच वेळानं म्हणाले. "माझ्याशेजारी बसला असतास. तेवढंच."

मग त्यांनी ब्लँकेटचं दुसरं टोक माझ्या अंगावर टाकलं.

मी झोपलो. दारं उघडल्याच्या आवाजानं मला अधूनमधून जाग यायची. गार झोत आत यायचा आणि मागून झाकणाची खरखर ऐकू यायची. पहाटे बघितलं तर टाकी अजून रिकामी झालेली नव्हती आणि आबांची बोटं लाल झाली होती. मंगळवारी दुपारी आमची रांग हलली. दुसरीकडे कुठेतरी बेकरीच्या ट्रकमधला ब्रेड लोकांत वाटला गेला, ही बातमी घरी पोचल्यावर वाचली. विमान गेलं होतं, रिपोर्टची मुदतही.

त्याच आठवड्याच्या शेवटी पाकिस्तानातल्या मरीहून बातमी आली. बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली. काही जण हीटर लावून झोपले होते, धुरानं गेले असावेत, असं त्यात म्हटलं होतं. आबांनी मोबाईल माझ्याकडून घेतला, बातमी पुन्हा सावकाश वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरं असतील आत," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते गेले. आता माझ्या डिकीत फावडं, दोन ब्लँकेटं, पाणी, सुकामेवा असतो, आणि हिवाळ्यात टाकी मी अर्ध्याखाली उतरू देत नाही. डिसेंबर लागला की आबा फोनवर आधी हवामान विचारतात, मग नातीचं, आणि ठेवण्याआधी सायलेन्सरचं. त्यांचं ते झाकण अजून आमच्याकडेच आहे. एका बाजूनं वाकलंय, डब्याला बसत नाही.