पिट्सबर्ग ते पोटोमॅक : सलग चार दिवस

पिट्सबर्गहून वॉशिंग्टन डी.सी.ला मोटारीनं जायला साधारण चार-साडेचार तास लागतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हा प्रवास कधी ना कधी केलेला असतो. पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात दर्शन, तिथला दहीभात आणि मग टर्नपाइकवरून परत. याच दोन शहरांना जोडणारी दुसरी एक वाट आहे, तिच्यावर मोटारीला बंदी आहे. डोंगर, नद्या, बोगदे आणि लहान गावं यांमधून ती ३३५ मैल, म्हणजे जवळजवळ ५४० किलोमीटर जाते. गेल्या सप्टेंबरात माझी नणंद आणि मी ती सायकलवरून चार दिवसांत केली.

ही एक वाट नव्हे, दोन आहेत. पिट्सबर्ग ते कंबरलँड हा १५० मैलांचा पहिला भाग ‘ग्रेट ॲलिगेनी पॅसेज’. जुन्या रेल्वेचे रूळ उचलून त्या जागी बारीक खडीचा रस्ता केलेला. तो पिट्सबर्गपर्यंत पूर्ण झाला २०१३ साली. कंबरलँड ते जॉर्जटाऊन हा १८४.५ मैलांचा दुसरा भाग म्हणजे चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची वाट. तिच्यावरून खेचरं दोर लावून नावा ओढत असत.

कालव्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ४ जुलै १८२८ रोजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते त्याची पहिली कुदळ पडली. नेमक्या त्याच दिवशी बाल्टिमोरला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची कोनशिला बसली. दोघांनाही ॲलिगेनीचे डोंगर ओलांडून ओहायो नदी गाठायची होती. रेल्वे कंबरलँडला पोहोचली १८४२ मध्ये, कालवा १८५० मध्ये. तिथंच तो थांबला. पिट्सबर्ग त्यानं कधी पाहिलंच नाही. १९२४च्या पुरानंतर नावाही बंद पडल्या. पुढं १९५०च्या दशकात त्याच्यावर मोटाररस्ता बांधायचं घाटत होतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी विरोधकांना सरळ चालायलाच बोलावलं. मार्च १९५४ मध्ये अठ्ठावन्न जण कुठल्या ना कुठल्या टप्प्यात सामील झाले, आठ दिवसांनी पूर्ण अंतर चालून नऊ जण पोहोचले, त्यांत ते स्वतः होते. १९७१ साली हा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

आता थोडं आमच्याविषयी. नणंद जुनी सायकलवाली आहे. दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या, असा त्या लोकांचा नेम असतो. एका वर्षात चारही केल्या की ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. तिच्या दोन झाल्या आहेत. मी मात्र नवखी. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा सायकलवर बसले, तेही सांगलीत लहानपणी भाड्याची सायकल फिरवल्यानंतर पहिल्यांदाच. सासूबाई शेवटचे चौदा महिने आमच्या मेरीलंडच्या घरी अंथरुणाला खिळून होत्या. संध्याकाळी मदतनीस बाई तासभर यायची. त्या तासात घरात बसवेना, म्हणून नणंदेनं तिची जुनी सायकल आमच्या गराजमध्ये आणून ठेवली. सासूबाई गेल्यावर तास मोकळे झाले आणि सायकल राहिली.

लांब अंतर एक दिवस जाता येतं, हे मला उन्हाळ्यातच कळलं होतं. नणंद म्हणाली, “वहिनी, शनिवारी पन्नास मैल गेलात ते सोडा. रविवारी उठून तीस जा, मग बघू.” खरा अभ्यास तो. पहिल्या दिवशी उत्साह पाय मारतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आलेल्या असतात, बैठक दुखते, तळहात बधिर असतात, आणि तरी त्याच खोगिरावर पुन्हा बसायचं असतं. स्नायूंतला साखरेचा साठा एका रात्रीत पुरता भरत नाही. म्हणून भूक लागण्याआधी खायचं, तहान लागण्याआधी प्यायचं, आणि पहिल्या दिवशी जितकं जोरात जाता येईल त्याहून बरंच हळू जायचं. आमच्या पिशव्यांत दशम्या, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, लिंबाचं लोणचं आणि मीठ-साखर-लिंबाच्या पाण्याची तयारी होती.

पहिला दिवस, पिट्सबर्ग ते कॉन्फ्लुअन्स, ८८ मैल. तीन नद्यांच्या संगमावरून निघालो. पोलादाच्या गिरण्यांची जुनी गावं मागं पडली की मनाँगाहेला सोडून यॉकिओगेनी नदी सोबत धरते. नाव अवघड, म्हणून इथले लोक नुसतं ‘यॉक’ म्हणतात. ओहायोपाइलच्या धबधब्यापाशी दशमी खाल्ली. चढ आहे, पण रेल्वेचा, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. फक्त पायांना कळतो.

दुसरा दिवस, कंबरलँडपर्यंत ६२ मैल. सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला. पहिले दहा मैल आम्ही दोघी बोललोच नाही. मग सॅलिसबरीचा १,९०८ फूट लांब पूल आला. त्यावरून खालची शेतं, रूळ आणि हमरस्ता एकदम दिसतात. पुढं २,३९२ फुटांवर पूर्वेकडचा जलविभाजक. त्याच्या अलीकडचा पाऊस मेक्सिकोच्या आखाताला जातो, पलीकडचा चेसापीकला. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेकडं आणि सावित्री पश्चिमेकडं धावते, तसंच हे. मग ३,२९४ फुटांचा बिग सॅव्हेज बोगदा, त्यानंतर मेसन-डिक्सन रेषा, आणि तिथून कंबरलँडपर्यंत वीस मैल नुसता उतार. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं.

कंबरलँडला रात्रभर माझा उजवा गुडघा ठणकत होता. सकाळी वॉशिंग्टनला जाणारी ॲमट्रॅक तिथं थांबते, हे आम्हा दोघींना माहीत होतं. कॉफी पिताना नणंद म्हणाली, “वहिनी, गाडी आहे. तुम्ही बसा, मी येते मागून. काही कमीपणा नाही त्यात.” मी गुडघा वाकवून बघितला. सूज नव्हती. तिनं माझं खोगीर बोटभर वर केलं, म्हणजे गुडघ्यावरचा भार कमी होतो. मी म्हटलं, “हॅनकॉकपर्यंत बघू.”

त्या गावांची नावं आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही पॅसिफिकपासून अटलांटिकपर्यंतची, सुमारे तीन हजार मैलांची शर्यत कंबरलँड आणि हॅनकॉकवरून गेलेली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली जोडीनं नऊ दिवसांच्या आत ती पूर्ण करून गेले. २०१७ मध्ये सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. ती माणसं डोंगरातल्या डांबरी रस्त्यानं, रात्रंदिवस, जेमतेम झोप घेऊन गेली. आमचं त्यांच्याशी काही नातं नाही. पण नकाशावर गावाचं नाव वाचून गुडघा जरासा गप्प बसला, हे खरं.

तिसऱ्या दिवशीची वाट कालव्याची. मुळं, चिखल, सावली, जुनी जलद्वारं आणि त्यांच्या राखणदारांची पांढरी घरं. कंबरलँडपासून जॉर्जटाऊनपर्यंत अशी ७४ द्वारं आहेत. दर काही मैलांवर सायकलस्वारांसाठी मुक्कामाची जागा आणि हातपंप. वाटेवर पॉपॉची झाडं दाट आहेत आणि सप्टेंबरात फळं पिकून खाली पडतात. पॉपॉ आपल्या सीताफळाच्याच कुळातला. गर पिवळा, मऊ, बिया मोठ्या काळपट, चव सीताफळ आणि केळ्याच्या मधली. आम्ही जमिनीवरची दोन उचलून तिथंच खाल्ली. “आईला आवडलं असतं,” नणंद म्हणाली.

पॉपॉ बोगदा ३,११८ फुटांचा. दोन वर्षांत संपेल म्हणून १८३६ मध्ये सुरू केलेलं काम चौदा वर्षं चाललं. पगार थकले, मजुरांत मारामाऱ्या झाल्या, कंपनी कर्जात बुडाली. आत मिट्ट काळोख, एका बाजूला पाणी आणि अरुंद वाट, त्यामुळे सायकल हातात धरून एकामागं एक चालावं लागतं. मध्यावर पोहोचल्यावर मागून आवाज आला, “वहिनी, त्या चौदा महिन्यांत मी फक्त शनिवार-रविवारी येत होते. तुम्ही कधी बोलला नाहीत.”

बोललेले नव्हते हे खरं. मनात पुष्कळ बोललेले होते. सोमवार ते शुक्रवार औषधं, अंघोळ, रात्रीच्या हाका, आणि शनिवारी ही आली की सासूबाईंचा चेहरा उजळायचा तो तिच्यासाठी. हे सगळं त्या अंधारात सांगता आलं असतं. मी म्हटलं, “तू शनिवारी येणार, म्हणून माझा शुक्रवार निघायचा.” मग थोडं थांबून हेही म्हटलं, “पण राग यायचा.” ती म्हणाली, “माहीत होतं मला. म्हणून तर सायकल ठेवली.” पुढं उजेडाचा ठिपका मोठा होत गेला. बाहेर आल्यावर तिनं चिक्की मोडून अर्धी मला दिली.

हॅनकॉकच्या आसपास समांतर डांबरी वाट मिळते, तिनं गुडघ्यावर उपकार केले. त्या दिवशी विल्यमस्पोर्टपर्यंत ८५ मैल झाले. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

चौथ्या दिवशी शंभर मैल बाकी होते आणि आयुष्यात मी कधी शंभर केले नव्हते. हार्पर्स फेरीला शेनँडोआ पोटोमॅकला मिळते. संगम बघून आपोआप हात जोडले गेले. मोनोकसीवरचा सात कमानींचा दगडी जलसेतू, मग ग्रेट फॉल्स, मग माणसांची गर्दी आणि पळणारी तरुण मुलं. जॉर्जटाऊनला नदीकाठी, बोट क्लबच्या मागं, शून्य मैलाचा दगड आहे. पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. यजमान डब्यात मुगाची खिचडी घेऊन उभे होते.

आपल्या मंडळींपैकी कुणाला जायचं असेल तर मे ते ऑक्टोबर चांगला. बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो. दोन्ही बोगद्यांसाठी दिवा हवा. ॲमट्रॅकमध्ये सायकलची जागा आधी राखून ठेवावी. चारऐवजी सात दिवस घेतले तर आणखी बरं. पाहण्यासारखं फार आहे. मात्र घरी आधी दोन दिवस सलग जाऊन बघा. पहिल्या दिवसावरून स्वतःबद्दल काही ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय वाटतं, त्यावर ठरवा.

नणंदेच्या उरलेल्या दोन ब्रेव्हे येत्या वर्षी आहेत. चारशेच्या वेळी पहाटे दोन वाजता गरम चहा घेऊन मी रस्त्यात उभी राहणार आहे. शनिवारच आहे तो.